१९३८ ची जर्मन ग्रां प्री जिंकलेला ब्रिटिश पोरगा – डिक सीमनबद्दल कोणाला माहितीये?

पाचवा_गिअर:

मंडळी नमस्कार, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, गोड मानून घ्या.

परवा रात्री झोप येईना म्हणून जुन्या रेसचे फोटो बघत बसलो होतो (बायको म्हणते नवीन बघायचे सोडून मेलेल्या माणसांच्या गाड्या काय बघतोस, असो). त्यात एक ब्लॅक अँड व्हाईट फोटो दिसला. पंचविशीचा पोरगा, उंच, गोरा, तोंड काळवंडलेलं, गळ्यात पानांचा एवढा थोरला हार की पोळ्याच्या बैलालाही कोणी घालत नाही. आजूबाजूला युनिफॉर्मवाले जर्मन अधिकारी, सगळ्यांचे हात ताठ वर, आणि ह्या पोराचाही हात वर, पण अर्धाच. कोपरात वाकलेला, जसं काही वर्गात उत्तर येत नसताना मास्तर बघतायत म्हणून उचललाय. खाली लिहिलं होतं की हा डिक सीमन, ब्रिटिश ड्रायव्हर, १९३८ ची जर्मन ग्रां प्री मर्सिडीजमधून जिंकला.

मी चाट पडलो. १९३८ म्हणजे युद्धाला जेमतेम वर्ष राहिलेलं. नाझी जर्मनीची मर्सिडीज, आणि आत इंग्रज? मी आपला शूमाकर-हाक्किनेनपासून रेस बघणारा माणूस, त्याआधीचं ज्ञान शून्य. म्हणून विचारतो, हा तिथं पोचला कसा, ब्रिटिश गाडी का नव्हती ह्याच्याकडे, हा नाझी होता का, आणि पुढे ह्याचं काय झालं? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा. कुठून तरी उचलून चिकटवू नका, ते मलाही वाचता येतं.

स्टुटगार्टकर:

वा, माझ्या आवडीचा विषय. इथे आल्यापासून मर्सिडीजच्या म्युझियमला पाहुण्यांना घेऊन इतक्यांदा गेलोय की तिथला रखवालदार ओळखतो. तिथं चांदीच्या रंगाच्या जुन्या रेसिंग गाड्या भिंतीवर तिरक्या लावल्यात, त्या बघून पाहुणे फोटो काढतात आणि मी सीमनची गोष्ट सांगून त्यांना पिडतो. आता तुमची पाळी. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

रिचर्ड सीमन, जन्म फेब्रुवारी १९१३, इंग्लंडातल्या ससेक्समध्ये. घरचं प्रचंड. शाळा रग्बी, कॉलेज केंब्रिजचं ट्रिनिटी. आईबापांना वाटत होतं पोरगा वकील होईल नाहीतर पार्लमेंटात जाईल, पण केंब्रिजात त्याला भेटला व्हिटनी स्ट्रेट नावाचा त्याच्याहून श्रीमंत पोरगा, ज्याची स्वतःची रेसिंग टीम होती आणि स्वतःचं विमान. झालं. डिग्री राहिली अर्धवट, १९३४ साली स्ट्रेटकडून एक एमजी मॅग्नेट विकत घेतली आणि त्याच ऑगस्टात स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळच्या ब्रेमगार्टेन सर्किटवर छोट्या गाड्यांची रेस जिंकला. त्याच दिवशी, त्याच सर्किटवर मोठ्या गाड्यांच्या रेसमध्ये स्ट्रेटच्याच टीमचा ह्यू हॅमिल्टन झाडावर आदळून गेला. म्हणजे पहिला मोठा विजय आणि सोबत्याचं मरण एकाच संध्याकाळी. ह्या माणसाच्या करिअरमध्ये हे असं पुन्हा पुन्हा होतं, लक्षात ठेवा.

छोट्या गाड्या म्हणजे १५०० सीसीपर्यंतच्या. वॉत्युरेत म्हणायचे त्यांना. आजच्या भाषेत फॉर्म्युला टू धरा. पुढल्या वर्षी १९३५ ला आईच्या पैशातून ईआरए घेतली. ही ब्रिटिश गाडी, लिंकनशायरमधल्या बोर्न गावात बनायची, नवीकोरी कंपनी. गाडी पळायची चांगली पण कंपनीचे लोक देखभाल करायचे तोवर कधी हे तुटलं कधी ते. शेवटी वैतागून त्याने गाडी त्यांच्याकडून काढून घेतली आणि जुलिओ राम्पोनी नावाच्या इटालियन मेकॅनिकच्या हाती दिली. राम्पोनी आल्फा रोमिओत घडलेला माणूस. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, फक्त पाना फिरवणारा हात बदलला आणि पठ्ठ्या पेस्कारा, बर्न, ब्रनो असा लाईनीत जिंकत गेला.

आणि आता माझा सगळ्यात लाडका भाग. १९३६ साली सगळे म्हणतायत नवीन ईआरए घे, नवीन मासेराती घे. राम्पोनी काय म्हणाला असेल? म्हणाला देलाज घे. १९२७ ची! नऊ वर्षं जुनी फ्रेंच गाडी. लोक हसले असणारच. पण ती गाडी साधी नव्हती हो. आल्बेर लोरी नावाच्या इंजिनियरने काढलेलं दीड लिटरचं आठ सिलिंडरचं सुपरचार्ज्ड (म्हणजे पंपाने हवा कोंबून ताकद वाढवलेलं) इंजिन, आत जिथं जागा मिळेल तिथं बॉल आणि रोलर बेअरिंग, आठ हजार आरपीएमला फिरायचं, त्या काळात! १९२७ मध्ये त्या गाड्यांनी युरोपात मोठ्या रेस एकहाती मारल्या होत्या. नंतर नियम बदलले, कंपनीचे पैसे संपले आणि गाड्या हौशी लोकांकडे गेल्या. सीमनने आपली घेतली अर्ल हाऊकडून, हा लॉर्ड स्वतःही रेसर आणि ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबाचा अध्यक्ष.

राम्पोनीने लंडनमधल्या गॅरेजात ती गाडी पार उघडली. वजन जिथं जिथं उतरवता येईल तिथं उतरवलं, जुने ब्रेक काढून हायड्रॉलिक बसवले, टाकी बदलली, इंजिनातून अजून थोडी ताकद पिळून काढली, आणि काळा रंग फासला. मग १९३६ च्या मे महिन्यात आईल ऑफ मॅनवर पहिला नंबर. ऑगस्टात तर कहरच, पेस्कारा जिंकला, बर्न जिंकला, आणि लगोलग इंग्लंडला येऊन डॉनिंग्टनची दोनशे मैलांची रेसही जिंकला, तीही ऑगस्ट संपायच्या आत. नवीन ईआरएवाले बघत राहिले. बर्नची ती रेस त्याने ओळीने तीन वर्षं जिंकली, एकदा एमजी, एकदा ईआरए, एकदा देलाज. तीन वर्षं तीन वेगळ्या गाड्या. मला विचाराल तर हा पोरगा काय चीज होता ते ह्या एका गोष्टीवरून कळतं, पुढची मर्सिडीज वगैरे सगळी नंतरची बात.

मर्सिडीजचं रात्री लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

आडमुठा:

स्टुटगार्टकरांनी छान लिहिलंय पण मी जरा काडी टाकतो.

आईच्या पैशावर गाड्या उडवणारा श्रीमंताचा पोरगा, ज्याला स्वतःच्या देशाची गाडी चालेना म्हणून हिटलरच्या पैशावर चालणाऱ्या टीमला जाऊन मिळाला, ह्यात कौतुक कसलं? त्याच काळात इंग्लंडात बाकीचे नव्हते का? हेन्री सीग्रेव्ह बघा. १९२३ ला तूरला फ्रेंच ग्रां प्री जिंकला, ब्रिटिश सनबीममधून, ब्रिटिश ड्रायव्हर ब्रिटिश गाडीत. नंतर १९२७ ला डेटोनाच्या वाळूवर ताशी २०० मैलांच्या वर गेला, जगातला पहिला. टिम बर्किन बघा, गळ्यात ठिपक्यांचा रुमाल बांधून सुपरचार्ज्ड बेंटली हाकायचा. १९३० ला पो गावच्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये तो ट्रकएवढा चार सीटचा बेंटली घेऊन उतरला आणि बुगाट्यांच्या घोळक्यात दुसरा आला, कल्पना करा. ह्याला म्हणतात बाणा. सीमनने काय केलं, तर सोयीचं घर बघितलं.

आणि हो, तो हात वर केलेला आहेच. अर्धा का असेना.

स्टुटगार्टकर:

आलो. आडमुठा साहेब, काडी घेतली, आता पेटवतो.

बर्किनचं नाव काढलंत ते बरं केलंत. हाच बर्किन १९३१ ला ल मान्सची चोवीस तासांची रेस जिंकला ती कशातून? आल्फा रोमिओ. आणि जोडीला कोण, तर तोच अर्ल हाऊ. १९३३ ला त्रिपोलीला चालवली मासेराती, तिथंच तापलेल्या एक्झॉस्टला हात भाजला आणि त्यानंतर महिन्यादीड महिन्यात गेला बिचारा, वय छत्तीस. म्हणजे बाण्याचा पुतळा म्हणून ज्याला उभा केलात तोही शेवटी इटालियन गाडीतच बसला. कारण बेंटली कंपनीच १९३१ ला बुडाली आणि रोल्स रॉईसने विकत घेतली. सनबीमचंही पुढे तेच, दिवाळं. बाणा असून उपयोग काय, बसायला गाडी नको?

मूळ प्रश्न हाच होता ना धागाकर्त्याचा, ब्रिटिश गाडी का नव्हती? नव्हतीच. ग्रां प्रीच्या मोठ्या वर्गात उतरून जर्मनांना टक्कर देईल अशी एकही गाडी इंग्लंडात कोणी बनवत नव्हतं. ईआरए बनवायची ती छोट्या वर्गातली, तीही हम्फ्री कुक नावाच्या एका श्रीमंत माणसाच्या खिशातून. इंग्लंडच्या रस्त्यांवर रस्ते बंद करून रेस लावायला कायद्याने बंदी, त्यामुळे आईल ऑफ मॅन नाहीतर आयर्लंड गाठायचं, किंवा ब्रुकलँड्सच्या काँक्रीटच्या गोल ट्रॅकवर फिरत बसायचं. डॉनिंग्टनच्या बागेतला ट्रॅक गाड्यांसाठी सुरू झाला तोच १९३३ ला. आणि ज्यांच्याकडे पैसा आणि मोठी इंजिनं होती ते सगळे विक्रमाच्या मागे. माल्कम कॅम्पबेल १९३५ ला अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी ३०१ मैल, जॉन कॉब १९३९ च्या ऑगस्टात तिथंच जवळपास ३७० मैल. सरळ रेषेत इंग्रजांना तोड नव्हती हो, वळण आलं की बोंब!

आणि समोर काय होतं? १९३४ पासून मर्सिडीज आणि ऑटो युनियन ह्या दोन जर्मन कंपन्या, दोघांना सरकारी मदत, मागे कारखान्यांची अख्खी फौज. १९३७ ची मर्सिडीज डब्ल्यू १२५ घ्या. गाडीचं वजन नियमाने साडेसातशे किलोच्या आत, आणि इंजिन पावणेसहा लिटरच्या आसपास, सहाशेला टेकलेली हॉर्सपॉवर. टायर आजच्या आपल्या ऑटोरिक्षापेक्षा थोडे जाड म्हणा हवं तर. त्यानंतर एवढ्या ताकदीची ग्रां प्री गाडी बघायला १९८० च्या टर्बोपर्यंत थांबावं लागलं.

तर १९३६ च्या शेवटी मर्सिडीजचा टीम मॅनेजर आल्फ्रेड नॉयबाउअर, तो ढेरपोट्या, टोपी घालून पिटमध्ये (गाड्या थांबून इंधन-टायर घेतात तिथं) झेंडा नाचवणारा, त्याने सीमनला चाचणीला बोलावलं. पोरगा पास झाला. ब्रिटिश माणसाला जर्मन टीममध्ये घ्यायचं म्हणजे वरून परवानगी, थेट हिटलरपर्यंत विषय गेला आणि हो आलं. आईने डोक्याला हात लावला, पण सही झाली. आता मला सांगा, चोवीस वर्षांचा पोरगा, जगातली सगळ्यात भारी गाडी समोर उभी, ह्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत? उत्तर नका देऊ, मला माहितीये.

पहिलं वर्ष मात्र खडतर गेलं. मोन्झाला सरावातच आपटला. जुलैत अमेरिकेत लाँग आयलंडला व्हँडरबिल्ट कप, तिथं ऑटो युनियनच्या रोझमायरच्या मागे दुसरा. तिथून परत येऊन तीन आठवड्यांत न्युर्बुर्गरिंग, आणि तिथं ऑटो युनियनचा एर्न्स्ट फॉन डेलिउस आणि हा एकमेकांत अडकले. डेलिउस गेला. ह्याचं नाक आणि अंगठा मोडला. मी वर म्हटलं ना पुन्हा पुन्हा होतं ते. आणि तरी सप्टेंबरपर्यंत गाडीत परत, लिव्होर्नो चौथा, ब्रनो चौथा.

१९३८ ला नियम बदलले, तीन लिटर सुपरचार्ज्ड, त्यासाठी मर्सिडीजने केली बारा सिलिंडरची डब्ल्यू १५४. टीममध्ये काराचिओला, लांग आणि फॉन ब्राउखिच हे तीन जर्मन, आणि सीमन चौथा, म्हणजे आपल्याकडे बारावा खेळाडू असतो तसा. सरावाला असायचा, रेसच्या दिवशी कोरडा. अर्धं वर्ष असंच गेलं. मग २४ जुलैला जर्मन ग्रां प्री, घरचं मैदान, चार गाड्या उतरवायच्या होत्या, म्हणून ह्याला संधी.

ती रेस सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. न्युर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक म्हणजे एक फेरी पावणेतेवीस किलोमीटरची, डोंगर, झाडी, पावणेदोनशे वळणं, आणि अशा बावीस फेऱ्या. लांगच्या इंजिनाचं बिनसलं, काराचिओलाचं पोट बिघडलं, पुढे राहिले ब्राउखिच आणि त्याच्या शेपटाला चिकटलेला सीमन. सोळाव्या फेरीला दोघेही पिटमध्ये. ब्राउखिच नॉयबाउअरला म्हणतो ह्याला सांगा मागे राहा, नॉयबाउअर सीमनला सांगतो मागे राहा, सीमन म्हणतो बरं. तेवढ्यात ब्राउखिचच्या टाकीतून इंधन उतू गेलं, इंजिन सुरू केलं आणि भक्क! गाडीचा मागचा भाग पेटला. नॉयबाउअरने ब्राउखिचला स्टिअरिंगमागून अक्षरशः उपसून काढला आणि कपड्यांची आग विझवली. मागे सीमनची गाडी भरून तयार आहे आणि तो शांत बसलाय. नॉयबाउअर ओरडतो अरे निघ ना, तर हा म्हणे मला मागे राहायला सांगितलंय. हा किस्सा आहे, शब्दाला शब्द कितपत खरा देव जाणे, पण मला आवडतो.

निघाला आणि मग कोणाच्या हाती लागला नाही. पावणेचार तासांवर रेस चालली. दुसरा आला लांग, काराचिओलाची गाडी घेऊन. आणि ब्राउखिच? विझवलेल्या गाडीत बसून परत गेला, खड्ड्यात घातली, आणि हातात स्टिअरिंग घेऊन चालत परत आला, म्हणे निघूनच आलं. पब्लिकला तो बिचारा हिरो वाटला. आणि स्टँडवर सगळे नाझी साहेब जर्मन विजेत्याची वाट बघत उभे, आणि आला हा केंब्रिजवाला. गाडी जर्मन म्हणून धड नाराजही होता येईना!

तर तुमचा तो फोटो ह्या दिवसाचा.

मीनल_के:

स्टुटगार्टकर, दंडवत. मला रेसमधलं ओ की ठो कळत नाही, इतिहास शिकवते म्हणून वाचायला आले आणि शेवटपर्यंत वाचलं.

त्या हाताबद्दल थोडं. फोटो एकटा बघू नका, तारीख बघा. जुलै १९३८. त्याच्या दोन महिने आधी, १४ मे १९३८ ला, बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर इंग्लंडची अख्खी फुटबॉल टीम उभी राहिली आणि अकराच्या अकरा जणांनी नाझी सलाम केला, कारण तिथल्या ब्रिटिश राजदूताचं तसं म्हणणं होतं. मॅच ६-३ जिंकले, पण तो फोटो आजपर्यंत पिच्छा सोडत नाहीये. म्हणजे खुद्द सरकारच सांगत होतं की यजमानांना दुखवू नका. सप्टेंबरात ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन हिटलरशी करार करायला म्युनिकला गेला तेही ह्याच वाटेवरचं. त्या उन्हाळ्यात इंग्लंडचा मोठा वर्ग मानत होता की हिटलरशी जुळवून घेता येईल. अशा वेळी एक पंचविशीचा ड्रायव्हर, शेजारी ह्यूनलाइन नावाचा नाझी मोटार दलाचा प्रमुख उभा, बँड वाजतोय, तो काय करणार?

हे मी त्याला माफी म्हणून लिहीत नाहीये हं. आडमुठा म्हणतात त्यात तथ्य आहे. त्या गाड्या मुळात प्रचाराच्या गाड्या होत्या आणि ते न कळण्याइतका सीमन बावळट नव्हता. ज्यू लोकांना नोकऱ्यांतून, दुकानांतून हाकललं जात होतं ते तो जर्मनीत राहून बघत असणारच. माणसं बघतात आणि आपल्या कामाला लागतात, हे मला जास्त भीतीदायक वाटतं, एखाद्या कट्टर नाझीपेक्षाही.

चकली_चिवडा:

मी फक्त पोळ्याच्या बैलासाठी आलो होतो. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

अवांतर: नऊ वर्षं जुनी गाडी घेऊन नवीन गाड्यांना हरवणं हे आमच्या तीर्थरूपांना सांगू नका, ते अजून आमची पद्मिनी विकायला तयार नाहीयेत.

आडमुठा:

मीनलताईंशी बराचसा सहमत. बर्किनचं खरंय, तिथं माझी विकेट गेली, मान्य. पण माझा मुद्दा अजून उभा आहे. १९३८ पर्यंत ठीक. म्युनिकनंतर काय? डॉनिंग्टन ग्रां प्री होती ना त्या सुमारास? तेव्हा तरी उतरायचं होतं त्या गाडीतून.

विंबल्डनचा_भाडेकरू:

मी लंडनला असतो, उशिरा टपकलोय. आडमुठा भाऊ, तुम्ही बरोबर नस पकडलीत.

डॉनिंग्टनची रेस ऑक्टोबरच्या सुरुवातीला होती, जर्मन टीमा इंग्लंडात येऊन थडकल्या होत्या, आणि म्युनिकच्या गोंधळात युद्ध होणार अशी हवा झाली तशा सामान गुंडाळून परत निघाल्या. मग करार झाला, सगळे हुश्श म्हणाले, आणि रेस २२ ऑक्टोबरला झाली. नुव्होलारी जिंकला ऑटो युनियनमधून, लांग दुसरा, सीमन तिसरा. म्हणजे विचार करा, आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर, शत्रू ठरू घातलेल्या देशाच्या गाडीतून हा फिरतोय आणि लोक टाळ्या वाजवतायत. त्याला स्वतःलाही डाचत होतं. सोडू का राहू, म्हणून त्याने अर्ल हाऊला विचारलं, तोच देलाजवाला. सल्ला मिळाला की राहा. म्हणजे पुन्हा मीनलताई म्हणतात तेच, वरच्यांनाच पाणी किती खोल ते कळलं नव्हतं.

पण राहण्याचं अजून एक कारण होतं ज्याबद्दल वर कोणी बोललंच नाही. एरिका पॉप. बीएमडब्ल्यूचा सर्वेसर्वा फ्रान्झ योझेफ पॉप, त्याची मुलगी, अठरा वर्षांची. म्हणजे मर्सिडीजचा ड्रायव्हर आणि बीएमडब्ल्यूचा जावई! ७ डिसेंबर १९३८ ला लंडनमध्ये लग्न झालं. सीमनच्या आईला जर्मन सून अजिबात नको होती, ती लग्नाला आली नाही आणि मायलेकांचं जे फाटलं ते पुन्हा शिवलं गेलं नाही. ज्या आईने ईआरए घेऊन दिली, देलाज घेऊन दिली, तिच्याशी बोलणं बंद. नवरा-बायको जाऊन राहिले बव्हेरियात, म्युनिकजवळ तळ्याकाठी.

१९३९ ची सुरुवात पुन्हा बाकावर बसण्यात गेली. मग २५ जून, बेल्जियन ग्रां प्री, स्पा. स्पाचा पाऊस ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको. त्या दिवशी पहिल्यापासून पडत होता. एकेक जण घसरत होता, बाहेर जात होता, आणि सीमन पुढे. पस्तीस फेऱ्यांपैकी बाविसावी, ला सूर्सच्या आधीचं वळण, गाडी घसरली आणि आडवी जाऊन झाडावर आदळली. इंधन तापलेल्या एक्झॉस्टवर गेलं आणि पेट घेतला. हा आत, शुद्ध हरपलेला. एका बेल्जियन लष्करी अधिकाऱ्याने जिवावर उदार होऊन ओढून काढला, पण फार भाजला होता. संध्याकाळपर्यंत शुद्धीवर होता. मर्सिडीजचा इंजिनियर उलेनहाउट भेटायला गेला तेव्हा त्याला म्हणाला की त्या पावसाच्या मानाने मीच जास्त जोरात चालवत होतो, चूक माझी आहे, गाडीची नाही. रात्री गेला. वय सव्वीस. एरिकाचं लग्न होऊन साडेसहा महिने झाले होते.

रेस लांग जिंकला. जिंकून त्याला काय वाटलं असेल.

मी राहतो तिथून पुटनी व्हेलचं कब्रस्तान जवळ आहे, सायकलने पंधरा मिनिटं. सीमन तिथं आहे. मागच्या वर्षी एका रविवारी गेलो, थंडी मरणाची, शोधायला अर्धा तास लागला आणि तोवर बायकोचे तीन फोन येऊन गेले. त्याच्या अंत्ययात्रेला अख्खी मर्सिडीज टीम आली होती, जूनच्या शेवटी, आणि फुलांमध्ये एक भलं मोठं चक्र हिटलरच्या नावाचं. त्यानंतर दोन महिन्यांनी, ३ सप्टेंबरला, इंग्लंडने युद्ध पुकारलं. त्याच दिवशी बेलग्रेडला ग्रां प्री चालू होती आणि लांग, ब्राउखिच तिथं मर्सिडीज पळवत होते. मी तिथं उभा राहून हाच विचार करत होतो, हा जगला असता तर ३ सप्टेंबरला कुठे असता? बेलग्रेडला? एरिकाकडे? की इंग्लंडात वैमानिक? त्याचा तो जुना दोस्त व्हिटनी स्ट्रेट युद्धात रॉयल एअर फोर्समध्ये लढला, फ्रान्सवर पाडला गेला, पकडला गेला आणि निसटलाही. तसं काही ह्याच्या वाट्याला आलं असतं का, कोणास ठाऊक.

आडमुठा:

गप्प बसतो.

(थोडा वेळच. सवय नाही.)

पाचवा_गिअर:

मंडळी, काय बोलू. फोटोवरून धागा काढला आणि तुम्ही अख्खा माणूस उभा केलात. रात्री बायकोला वाचून दाखवला. एरिकाच्या आधी आईजवळ ती थांबली, म्हणाली त्या बाईने नंतर काय काय मनात उगाळलं असेल.

तो फोटो परत काढून बघितला. आधी मला तो हातच दिसत होता, आता नाक बघितलं, मोडलेलं आहे का ते. नीटसं कळत नाही.

स्टुटगार्टकर, एक शेवटचं विचारतो. सीमन मर्सिडीजकडे गेल्यावर त्या काळ्या देलाजचं काय झालं? मर्सिडीजपेक्षा माझा जीव तिच्यात अडकलाय.

स्टुटगार्टकर:

मला वाटलंच होतं तुम्ही हे विचारणार.

ती घेतली बिराने. बिरा म्हणजे सयामचा, आताच्या थायलंडचा राजपुत्र, युरोपात रेस करणारा त्या काळातला एकमेव नाव घेण्यासारखा आशियाई माणूस. त्याचा चुलत भाऊ चुला टीम चालवायचा, दोघे सीमनचे मित्र. ईआरएमध्ये बिरा भारी होता, १९३६ ला मोनॅकोची छोट्या गाड्यांची रेस जिंकलेला. त्यांनी विचार केला, दहा वर्षं जुन्या चेसिसवर (म्हणजे सांगाड्यावर) ही गाडी एवढी पळते तर नवीन चेसिस, नवीन सस्पेन्शन दिलं तर काय करेल! देलाज घेतली, सगळे स्पेअर घेतले, मूळ डिझायनर लोरीलाच गाठून नवीन चेसिस करून घेतले, पाण्यासारखा पैसा ओतला.

आणि गाडी पळेना. त्यांच्याच जुन्या ईआरएच्या मागे राहायला लागली.

चालत्या गाड्याला खीळ म्हणतात ती हीच. राम्पोनी मात्र त्यांच्याकडे नव्हता.